मदत हवी आहे: थंडीत पहाटे मिनी ट्रॅक्टर सुरू होत नाही (निफाड)

द्राक्षबागेतला २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर, तीन सिलिंडर, हीटर प्लगवाला (थंडीत सुरू करताना सिलिंडर आतून तापवणारे प्लग). पारा ७ अंशांखाली गेला की पहाटे फवारणीच्या वेळी सेल्फ जोरात फिरतो, पांढरा धूर येतो, पण इंजिन पकडत नाही. दुपारी पहिल्याच सेल्फला सुरू. सुरू झाल्यावरही धूर बराच वेळ राहतो. मेकॅनिक म्हणतो इंजिनात डिझेल फवारणारे पंप-नोझल उतरवू. डिझेल मे महिन्यात भरलेल्या ड्रममधलं. स्टार्टिंग स्प्रे मारला तर चालेल का?

काळीमाती
पंपाला हात लावू नका. पांढरा धूर म्हणजे डिझेल आत पोचतंय, पण पेटत नाही. आधी हीटर प्लग बघा. तिन्ही प्लग जोडणारी पट्टी सोडवा आणि मल्टीमीटरने प्लगचं टोक ते इंजिन बॉडी असा रोध मोजा. साधारण १ ओहम आला तर प्लग ठीक, काहीच वाचन आलं नाही तर जळालेला. तिन्ही चांगले असतील तर पट्टी परत बसवून चावी हीटवर ठेवा. पट्टीवर व्होल्टेज नसेल तर फ्यूज किंवा रिले गेलाय. एक प्लग जळाला असेल तरी तिन्ही बदला.

स्प्रे अजिबात नको. तापलेल्या प्लगमुळे स्प्रेमधला ईथर इनटेकमध्येच (हवा आत जायच्या वाटेत) भडकतो, पिस्टन-रिंगा फुटतात.

वायरमन_दादा
बॅटरी उभ्या गाडीवर मोजून उपयोग नाही, सेल्फ फिरताना मोजा. ९.६ व्होल्टखाली जात असेल तर बॅटरी थकलीय, नाहीतर केबलची टोकं गंजलीत. त्याच वेळी बॅटरीचं निगेटिव्ह टोक ते इंजिन बॉडी मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करा. सेल्फ एका वेळी १० सेकंदच, मग अर्धा मिनिट थांबा. क्लच दाबून मारा, गिअरबॉक्समधल्या घट्ट तेलाचा भार कमी होतो.

काळीमाती
ड्रमचं डिझेल महत्त्वाचं आहे. आयएस १४६० (डिझेलचं भारतीय मानक) प्रमाणे थंडीत फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा नोव्हेंबर ते फेब्रुवारी ६ अंश, एरवी १८ अंश. म्हणजे उन्हाळ्यातलं डिझेल पहाटेच्या गारठ्यात मेण धरू शकतं. त्याची खूण वेगळी: धूरच येत नाही, किंवा सुरू होऊन दोन मिनिटांत बंद. ते उन्हाळ्यातच संपवा, आता पेट्रोल पंपावरचं ताजं भरा. सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या) बाऊलमधलं पाणी काढा. रॉकेल मिसळू नका, इंजिनाच्या डिझेल पंपाचं वंगण जातं.

वायरमन_दादा
धूर रेंगाळतोय तर थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे पाणी जाऊ न देणारा झडप) जागेवर आहे का ते बघा. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून बरेच मेकॅनिक तो काढूनच टाकतात. मग हिवाळ्यात इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी असेल तर काढा. ३० टक्के कूलंट आणि बाकी डिस्टिल्ड वॉटर आपल्याकडे पुरतं. इंजिन ऑइल २०डब्ल्यू-४० असेल आणि मॅन्युअल परवानगी देत असेल तर १५डब्ल्यू-४० घाला, ते थंडीत कमी घट्ट होतं. सुरू झाल्यावर १२०० आरपीएमवर चार-पाच मिनिटं चालवा, मगच फवारणीचा ब्लोअर जोडून पीटीओ (अवजाराला इंजिनाची ताकद देणारा शाफ्ट) टाका.