मदत हवी आहे: मॉडेल ३ परफॉर्मन्सला १९ इंची फोर्ज्ड चाकं, ड्रॉइंगला होकार देऊ का?

धागाकर्ता

मंडळी, गाडी टेस्ला मॉडेल ३ परफॉर्मन्स, २०२२ ची. कंपनीची चाकं २० इंची, ९ इंच रुंद, ऑफसेट ३४ (चाकाच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणारं तोंड बाहेरच्या बाजूला किती मिमी ते), त्यावर २३५/३५ आर२० टायर. दिसतात झकास, पण टायरची भिंत जेमतेम ८२ मिमी. पुढे खड्डा दिसला की माझ्याच पोटात गोळा येतो. म्हणून एक इंच खाली उतरायचं ठरवलंय: १९ इंची, ९.५ इंच रुंद, चारही चाकं सारखी, टायर २६५/३५ आर१९. भिंत ९३ मिमीच्या आसपास जाते आणि एकूण व्यास ६७२.५ वरून ६६८ मिमी होतो, म्हणजे पाऊण टक्क्याच्या आतला फरक. इथवर मला काही अडचण दिसत नाही.

चाकं ऑर्डरप्रमाणे बनवून मिळणार आहेत, फोर्ज्ड (धातू दाबाखाली घडवून केलेली), ६०६१-टी६ अॅल्युमिनियम, एकसंध. बनवणाऱ्याने ड्रॉइंग पाठवलंय आणि मी होकार दिला की मशीनिंग सुरू. एकदा धातू कापला की परत घेणार नाही असं त्याने स्वच्छ लिहून दिलंय, त्यामुळे सही करायच्या आधी इथे विचारतोय.

ड्रॉइंगवर लिहिलंय ते असं: पीसीडी (नटांच्या भोकांचं वर्तुळ) ५×११४.३, सेंटर बोअर (चाकाचं मधलं भोक) ६४.१, नटची बैठक ६० अंश शंकू, ऑफसेट ३०, भार ६९० किलो, वजन सव्वानऊ किलो. पीसीडी, बोअर आणि बैठक बरोबर आहे हे मलाही कळतं. माझं डोकं अडलंय ते तीन ठिकाणी.

पहिलं म्हणजे ब्रेक डिस्कची पायरी. २०२३ पर्यंतच्या परफॉर्मन्स गाड्यांत डिस्कच्या टोपीवर (मधल्या उंच भागावर), बोअरच्या भोवती एक उंचवटा असतो, त्यामुळे साध्या मॉडेल ३ ची चाकं सपाट बसत नाहीत, असं वाचलंय. बनवणारा म्हणतो, “६४.१ बोअर दिलंय, बसणारच.” मला त्याचं उत्तर प्रश्नाला बगल दिल्यासारखं वाटतं. दुसरं, ऑफसेट ३० ठीक आहे का? माझ्या हिशोबाने रिम बाहेर १० मिमी सरकते आणि आत २ मिमी. तिसरं, ६९० किलो पुरेसे आहेत का? इलेक्ट्रिक गाडी, बॅटरीचं ओझं, त्यात उभ्याउभ्या मिळणारा टॉर्क.

जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा. “स्टॉकच ठेवा” हा सल्ला घरच्यांनी आधीच दिलाय.

प्रतिसाद १

पायरीबद्दलची तुमची शंका अगदी रास्त आहे आणि तिघांतला खरा महत्त्वाचा प्रश्न तोच. बोअर ६४.१ असणं म्हणजे हबचं (चाक ज्यावर बसतं त्या भागाचं) नाक आत जातं, एवढंच. त्या नाकाच्या बुडाशी डिस्कच्या टोपीला जी पायरी आहे, तिच्यासाठी चाकाच्या पाठीत मोठ्या व्यासाची खाच कोरलेली लागते. ती नसेल तर चाक डिस्कच्या सपाट तोंडावर न टेकता त्या पायरीवर टेकतं. नट आवळले जातात, टॉर्कही दाखवतो, पण सगळा दाब एका बारीक कड्यावर. चार दिवसांनी कडा दबते, नट सैल. हे प्रकरण थरथरीवर थांबत नाही.

बनवणाऱ्याशी वाद घालत बसू नका. कंपनीचं एक चाक उतरवा, पालथं घाला आणि बोअरभोवतीची खाच व्हर्निअरने मोजा: व्यास किती, खोली किती. मग गाडीवर डिस्कच्या पायरीचा व्यास आणि उंची मोजा. चारही आकडे ड्रॉइंगवर आणायला सांगा, खाचेची खोली पायरीपेक्षा थोडी जास्तच. पुढची आणि मागची डिस्क वेगवेगळी मोजा, एकीवरून दुसरीचा अंदाज नको. मोजण्याआधी तारेच्या ब्रशने हबचं तोंड घासा. या गाड्यांत बराचसा वेग रीजनवरच (मोटरच गाडी मंद करून बॅटरीत वीज परत भरते, त्यावर) उतरतो, ब्रेक फार वापरले जात नाहीत, त्यामुळे डिस्कवर आणि हबवर गंजाचा थर मजेत बसलेला असतो. तो थर मापात आला तर सगळंच फसलं.

चाकं आल्यावर टायर चढवण्याआधी एक नुसती रिम लावून बघा. पायरीवर लहान मुलांच्या खेळातल्या मातीची गोळी चिकटवायची, एक कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सर्वांत बाहेरच्या कोपऱ्यावर, रिम हाताने बसवून नट हलके आवळायचे, काढायची आणि गोळी किती चेपली ते बघायचं. पायरीवरची गोळी साफ चिरडली असेल तर खाच कमी पडतेय. कॅलिपरवर निदान ३ मिमी जागा शिल्लक हवी.

प्रतिसाद २

सव्वानऊ किलो म्हणजे भन्नाट! रेंज सरळ वाढणार. शिवाय फोर्ज्ड म्हटल्यावर भाराची चिंता कशाला, कास्टपेक्षा (साच्यात ओतलेल्यापेक्षा) मजबूतच असतं.

प्रतिसाद ३

वरच्या दोन्ही गोष्टी जरा सावकाश घ्याव्यात.

आधी रेंज. चाक हलकं असलं की ते फिरवायला ऊर्जा कमी लागते, खरं. पण इलेक्ट्रिक गाडीत त्यातली बरीच ऊर्जा वेग उतरताना रीजनमधून परत येते. हलक्या चाकाचा फायदा दिसेल तो रस्त्यावरच्या उंचसखल भागात आणि स्टिअरिंग फिरवताना. रेंज खातात ती दोन माणसं वेगळीच: टायर आणि वारा. २३५ वरून २६५ ला गेलात, तेही बहुधा चिकट रबराच्या टायरवर, आणि स्पोक उघडे असतील, तर हायवेवर रेंज कमी होईल असं धरूनच चाला. याच गाडीच्या साध्या आवृत्तीला प्लॅस्टिकची एअरो कव्हरं उगाच देत नाहीत. गाडीच्या पडद्यावर चाकाचा प्रकार निवडता येतो, तिथे जवळचा पर्याय निवडून ठेवा, नाहीतर रेंजचा अंदाज जुन्या चाकांवरच चालत राहील.

आता मजबुती. फोर्जिंगने धातूचा कण दाबून सलग होतो, हे मान्य. पण बनवणारा त्याच मजबुतीचा वापर धातू कमी करायला करतो, म्हणून तर चाक हलकं होतं. बारीक स्पोकचं फोर्ज्ड चाक जाडजूड कास्ट चाकापेक्षा मजबूत असेलच असं नाही. त्यामुळे विचारायचं ते चाचणीबद्दल. जेडब्ल्यूएल हा जपानी मानकाचा शिक्का बनवणारा स्वतःच्या जबाबदारीवर मारतो. व्हीआयए हा जपानी तपासणी संस्थेचा शिक्का असेल तर तिऱ्हाइताने तपासलेलं असतं. आयएसओ ३००६ मध्ये वाकवण्याच्या आणि भाराखाली फिरवण्याच्या चाचण्या आहेत, आयएसओ ७१४१ मध्ये आघाताची. याच डिझाइनचा, याच मापाचा अहवाल मागा. “कॉम्प्युटरवर ताण तपासलाय” एवढंच उत्तर आलं तर मी तरी पुढे जाणार नाही.

६९० किलोचं म्हणाल तर आकडा चालण्यासारखा आहे. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर मागच्या अॅक्सलचा कमाल भार लिहिलेला असतो. त्याचा निम्मा करा, रिमचा आकडा त्याच्या वर हवा. ताळा असा: तुमच्या २३५/३५ आर२० टायरवर ९२ हा भारांक असेल, म्हणजे दर टायर ६३० किलो. कंपनीने ही गाडी त्याच टायरवर विकली, तेव्हा चाकावर त्याहून जास्त येणं तिने गृहीत धरलेलं नाही. २६५/३५ आर१९ हा ९८ भारांकात, म्हणजे ७५० किलोंत मिळतो. टायर घेताना ९८ बघूनच घ्या.

टॉर्कची भीती मात्र सोडा. चाक नटांच्या खिळ्यांवर टांगलेलं नसतं, ते हबच्या तोंडावर दाबलेलं असतं आणि घर्षण सगळा टॉर्क पेलतं, पुढचाही आणि रीजनचा उलटाही. म्हणजे पुन्हा प्रतिसाद १ मधल्या सपाट बैठकीवरच गाडी येते.

प्रतिसाद १

+१. आणि ऑफसेटचा हिशोब तुम्ही रिमचा केलात, घासतो तो टायर. २६५ चा टायर ९.५ च्या रिमवर सुमारे २७१ मिमी भरतो. तुमचा २३५ चा ९ च्या रिमवर २४६ च्या आसपास (रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर साधारण ५ मिमी फुगतो). फरक २५, म्हणजे दोन्हीकडे साडेबारा. ऑफसेट ३० धरला तर टायर बाहेर साडेसोळा आणि आत साडेआठ मिमी. गाडी खाली बसवली असेल तर बाहेरचा आकडा मडगार्डच्या कडेला जाऊन भिडेल.

या गाडीत पुढच्या नकलची (स्टिअरिंगसोबत वळणाऱ्या, चाक धरणाऱ्या भागाची) मान टायरच्या आतल्या खांद्याजवळून वर जाते. स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा आणि तिथली सध्याची फट मोजा. आत १३ मिमी खर्चायला असतील तर माझं मत ऑफसेट ३४ च ठेवा. टायरचा मध्य जिथे होता तिथेच राहतो, स्टिअरिंगचा स्वभाव बदलत नाही आणि बेअरिंगवर जादा ओझं नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. एक पुढचं आणि एक मागचं चाक उतरवून मापं घेतली. पायरी पुढेही निघाली, मागेही. कंपनीच्या चाकाच्या पाठीत तिच्यासाठी खाच आहे, ड्रॉइंगमध्ये त्या जागी नुसती ४५ अंशांची बारीक चँफर (तिरपी कापलेली कड) होती, आणि ती पायरीवर चढली असती. फोटोसकट मापं पाठवल्यावर बनवणाऱ्याचा सूर बदलला, सुधारित ड्रॉइंग देतो म्हणाला. आतली फट पुरेशी आहे, त्यामुळे ऑफसेट ३४ कळवला. चाचणीचा अहवाल मागितलाय, त्यावर अजून “बघून सांगतो” चालू आहे. तो येईपर्यंत सही नाही.

मधल्या काळात दोन फुटकळ शंका. टायर प्रेशरचे सेन्सर जुनेच चालतील का? आणि सोबत स्पेसर (हब आणि चाकामधे घालायच्या चकत्या) घेऊन ठेवावेत का?

प्रतिसाद ३

२०२२ ची गाडी म्हणजे सेन्सर ब्लूटूथचे. बाजारातले सर्रास मिळणारे ४३३ मेगाहर्ट्झवाले तिला दिसणारच नाहीत. जुनेच नव्या रिममध्ये बसतात, फक्त व्हॉल्व्हचं सील नवं घाला आणि रिमचं व्हॉल्व्हचं भोक व त्यामागची जागा सेन्सरला पुरते का, हे ड्रॉइंगवर बघा. कंपनीची चाकं टायरसकट जपून ठेवणार असाल तर मात्र दुसरा संच घेतलेला बरा. स्पेसर कशासाठी? चाक तुमच्याच मापाने कोरून घेताय.

प्रतिसाद १

स्पेसर नकोच. बसवताना दोन गोष्टी दुकानात उभं राहून करून घ्या. गाडी उचलताना जॅक ठरलेल्या चार जागांवरच, रबरी पक लावून, कारण मधे सगळी बॅटरी आहे. नट हाताने सुरू करायचे, एक सोडून एक अशा ताऱ्याच्या क्रमाने आवळायचे आणि शेवटचा १७५ न्यूटन मीटर टॉर्क रेंचने, गनने नाही. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तोच रेंच.

बॅलन्सिंगची वजनं रिमच्या आतल्या बाजूला चिकटवतात. पुढच्या चार पिस्टनच्या कॅलिपरसमोर येतील अशी चिकटवू देऊ नका. तिथे तुम्ही मातीची गोळी लावून ३ मिमी मोजलेले असतात आणि वजनाची पट्टी स्वतःच तेवढी जाड असते.

धागाकर्ता

हे लक्षातच आलं नसतं. गोळीची चाचणी आता वजनाची पट्टी चिकटवूनच करतो. अहवाल आला की इथेच टाकेन, न आल्यास तेही कळवेन.