माशांच्या चार फुटी टँकमध्ये एकच ऑस्कर मासा. पटतंय का?

कोथरूडची_काच:
परवा धायरीला एका ओळखीच्यांकडे गेलो होतो. हॉलमध्ये चार बाय दीड बाय दीडचा टँक. आत चार-चार इंचांचे दोन ऑस्कर, वीतभर सिल्व्हर अरोवाना, दहा इंची रेडटेल कॅटफिश आणि 'काच साफ ठेवायला' एक सकर मासा. मालक खूश. म्हणाले, "टँक जेवढा, मासा तेवढाच वाढतो हो."

हे वाक्य पुण्यात इतक्यांदा ऐकलंय की आता दात शिवशिवतात. मासा टँक बघून वाढायचा थांबत नाही, खराब पाण्यात खुरटतो आणि लवकर मरतो. त्या टँकमध्ये काठोकाठ भरलं तरी पाणी बसतं २५५ लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर सव्वादोनशेच्या आत. एवढ्या पाण्यात एक ऑस्कर ठेवा. तो फूटभर होतो आणि घाण म्हशीएवढी करतो. सोबती नकोच. अरोवाना तीन फुटांपर्यंत जातो, रेडटेल त्याच्याही पुढे. हे दोघे फ्लॅटमधले मासेच नाहीत.

सहाफुटी_सिंहगडरोड:
अर्धं पटलं. पण 'सोबती नकोच' हे काही झेपलं नाही. माझा ऑस्कर चार फुटीत एकटा होता. पाणी बदललं की तळाला आडवा पडायचा, कुशीवर, मेल्यासारखा. पहिल्या वेळी आईनं देवाजवळ दिवा लावला होता. नंतर सहा बाय दोन बाय दोन केला, आत सहा सिल्व्हर डॉलर मासे सोडले. ते समोर फिरताना दिसतात म्हटल्यावर हाही बाहेर येऊन बसतो. ते चपटे, उभट, बशीसारखे. ऑस्करच्या तोंडात मावत नाहीत. अट एवढीच की आणतानाच मोठे आणायचे.

अडीच फूट रुंदी केली की अरोवानाही ठेवणार आहे. तो वरच्या थरात फिरतो, ऑस्कर मधल्या. भांडण कशाला होईल?

कोथरूडची_काच:
तुमचा टँक ६८० लिटरचा, मी बोलतोय २५५ बद्दल. त्यात सहा डॉलर घातले की फिल्टरनं हात टेकलेच. आणि थर वगैरे ठीक आहे, पण अरोवाना वळणार कुठे? तीन फुटांचा मासा अडीच फूट रुंदीत. लवचिक असतो, मान्य. पण रोज वाकून वळणं म्हणजे एसटीच्या सीटवर जन्म काढण्यासारखं. आठ बाय तीनच्या आत नाही. शिवाय झाकणावर वजन ठेवा. हा मासा उडी मारतो.

स्लॅबवाला:
पेशानं स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, मासे बायको पाळते. तुम्ही सगळे लिटर मोजताय, किलो कोण मोजणार? दोन फूट उंच पाण्याचा भार चौरस मीटरला ६१० किलो, काच आणि स्टँड वेगळे. घराच्या खोल्यांसाठी आयएस ८७५, म्हणजे इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे आम्ही धरतो साधारण २०० किलो. म्हणून सहा फुटी ठेवला की उद्या स्लॅब खाली येईल असं नाही. भार थोड्याच जागेवर असतो. पण तो बीमवर किंवा भिंतीलगत हवा, खोलीच्या मधोमध नको. पेठेतल्या वाड्यात, लाकडी तुळयांवर, तर विषयच काढू नका.

सहाफुटी_सिंहगडरोड:
गौरीच्या जेवणाला आमच्या हॉलमध्ये तीस माणसं असतात साहेब.

स्लॅबवाला:
ती जेवून घरी जातात.

टँकर_सोसायटी_वाघोली:
पाण्याचं कुणी बोलेल म्हणून वाट बघत होते. सहाफुटीत आठवड्याला तीसेक टक्के बदलायचं म्हणजे दोनशे लिटर. आमच्याकडे टँकर येतो, भांडीवाल्या मावशी बादल्या मोजून वापरतात, आणि मी माशाला दोनशे लिटर देऊ? आठ बाय तीन बाय दोनला चारशे. मी ऑस्कर विकून गप्पी घेतले. त्यांचं बदललेलं पाणी तुळशीला घालते, ती मात्र जोरात आहे.

दुकानातला_पोऱ्या:
नाव सांगत नाही, नोकरी जाईल. मला काचवाल्या काकांचं म्हणणं पटत नाही. 'ठेवूच नका' म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं आणि तिथं त्याला कुणी काही सांगत नाही. मी रेडटेल विकतो, पण आधी हातानं लांबी दाखवतो. निम्मे तिथंच विचार बदलतात.

एक गोष्ट सांगतो. पिक्टस कॅटफिश मोठ्या माशाबरोबर कधी देऊ नका. 'तोंडात मावला तर खातो' एवढंच सगळ्यांना माहीत. पिक्टसच्या पंखाला काटा असतो, तो गिळणाऱ्याच्या घशात अडकतो. एका ताईंनी असा ऑस्कर प्लॅस्टिकच्या डब्यातून आणला होता, तोंड उघडंच, आत शेपटी हलत होती. आम्ही काटा कापून काढला. ऑस्कर वाचला, पिक्टस गेला.

कोथरूडची_काच:
हात दाखवून विकतोस हे चांगलंय रे. पण उरलेले निम्मे दोन वर्षांनी काय करतात? तुझं दुकान परत घेतं का?

दुकानातला_पोऱ्या:
नाही. आमचा सगळ्यात मोठा टँक पाच फुटी आहे काका.

कोथरूडची_काच:
मग तो मासा पाषाणच्या नाहीतर कात्रजच्या तळ्यात जातो. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार सापडला होता. अमेरिकेतला मासा तिथं पोहत आला नसणार.

सहाफुटी_सिंहगडरोड:
तळ्यात सोडणाऱ्याला माझ्याकडूनही दोन शिव्या. अरोवानाचं आठ फुटी होईपर्यंत थांबवतो. डॉलर राहणार.

कोथरूडची_काच:
राहू देत. सहाफुटीत डॉलर मला मान्य आहेत, चारमध्ये नाहीत.

ता. क. धायरीहून आत्ताच फोन आला. एक ऑस्कर सकाळपासून दिसत नाही, आणि रेडटेल पोट टेकून कोपऱ्यात बसलाय. विचारत होते, "जागा झालीच आहे, तर दुसरा काय आणू?"