निवारा केंद्रात खाटा रिकाम्या आणि माणसे मात्र स्टेशनबाहेर, असे का होते?

तापीकाठ (प्रश्न)

गेल्या डिसेंबरात एका लग्नाहून परतताना मी मध्यरात्रीनंतर भुसावळ स्थानकावर उतरलो. थंडी अशी होती की रिक्षावाल्यांनी जुन्या टायरचे तुकडे पेटवून शेकोटी केली होती, आणि तिच्यापासून दहा पावलांवर तीस-पस्तीस माणसे गोणपाट, फ्लेक्सचे फाटके बॅनर व पुठ्ठे अंगाखाली आणि अंगावर घेऊन झोपलेली होती. त्यात दोन कुटुंबे लेकराबाळांसह होती.

पुढे महिन्याभरात खानदेशातल्याच एका शहरातले (नाव मुद्दाम टाळतो) बेघरांसाठीचे निवारा केंद्र पाहण्याचा योग आला. खाटा होत्या, चादरी स्वच्छ होत्या, पाण्याची सोय होती. पण निम्म्याहून अधिक खाटा रिकाम्या होत्या. कारण विचारले, तेव्हा तेथील माणूस म्हणाला, "यांना रस्त्यावरची सवय झाली आहे, बोलावले तरी येत नाहीत."

मी निवृत्त शिक्षक आहे, या विषयातला जाणकार नाही. परंतु हे उत्तर मला पटलेले नाही. ते खरे आहे का? खरे नसेल, तर आपल्या शहरांनी नेमके काय करावे, अशी मागणी आपण करायला हवी? "सरकार नालायक आहे" एवढेच उत्तर असेल तर कृपया ते लिहू नये, कारण ते मला ठाऊक आहे.

मालधक्का

सर, मी अशाच एका केंद्रात सुमारे तीन वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

"सवय झाली आहे" हे वाक्य मीही पहिल्या वर्षी अनेकदा उच्चारले आहे. नंतर आम्ही रात्री फिरून माणसांशी बोलायला लागलो, तेव्हा लक्षात आले की बाहेर झोपणारा माणूस फार हिशेबी असतो. बाजार समितीत पहाटे चार वाजता माल उतरतो. जो हमाल तेथेच झोपलेला असतो त्याला पहिली गाडी मिळते, आणि जो चार किलोमीटरवरच्या निवाऱ्यातून चालत येतो त्याला उरलेसुरले काम मिळते. लग्नसराईत केटरिंगच्या कामावर जाणारी मुले रात्री बारा-एकला मोकळी होतात, आणि आमचे फाटक साडेनऊला बंद होत असे. एका लोटगाडीवाल्या बाबांना मी तीन वेळा आत येण्याचा आग्रह केला, तिसऱ्या वेळी ते शांतपणे म्हणाले, "मन्ही लोटगाडी कोन संभाळी?" माझ्याकडे उत्तर नव्हते. गाडी भाड्याची होती आणि ती चोरीला गेली असती तर त्यांना अनेक महिने फेड करावी लागली असती.

आमच्याकडे पहिल्याच रात्री आधार कार्ड मागितले जाई, पुरुष व स्त्रिया वेगवेगळ्या दालनांत ठेवल्या जात, आणि त्यामुळे नवरा, बायको व दोन मुले असे कुटुंब दारापर्यंत येऊन परत फिरत असे. दारू प्यायलेल्याला प्रवेश नाही हा नियम समजण्यासारखा आहे, पण दिवसभर पोती वाहणारी अनेक माणसे रात्री थोडी घेतातच, ही वस्तुस्थितीही आहे.

आम्ही पुढे फाटकाची वेळ सोडून दिली, हातगाड्यांसाठी आवारात साखळी लावली आणि प्रत्येकाला कुलपाची एक पेटी दिली. तिसऱ्या महिन्यात खाटा कमी पडू लागल्या. माझ्या मते खाटेपेक्षा त्या पेटीचे महत्त्व अधिक होते.

दुसरे असे की "बेघर" हा एकच गट नाही. शासकीय रुग्णालयाच्या आवारात जे झोपतात त्यांच्यापैकी बहुतेकांना गावी घर असते. रुग्ण आत आणि नातेवाईक बाहेर, अशी त्यांची स्थिती असते. त्यांना हवी असते ती धर्मशाळा. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या, पण आपल्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचे आराखडे काढताना ही गरज कोणाच्या ध्यानात राहिलेली दिसत नाही. कमावत्या हमालाला महिना परवडेल अशी भाड्याची खोली हवी असते, आणि घरातून काढून दिलेल्या वृद्धेला किंवा मनोरुग्णाला तर केवळ छप्पर मुळीच पुरत नाही.

कोर्टगल्ली

मागणी नियमांच्या आधारे करावी, म्हणजे ती टाळणे अवघड जाते. म्हणून काही गोष्टी नोंदवतो.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी स्वतंत्र योजना होती. तिच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय, प्रत्येकी किमान ५० चौरस फूट जागा, आणि केंद्र चोवीस तास व बाराही महिने खुले, असा निकष होता. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या ४ लाख ६० हजार आणि धुळ्याची ३ लाख ७५ हजारांवर होती. त्यावरून किती जागा हव्यात हे कोणालाही मांडता येईल. "रात्र निवारा" हा शब्द आपण सगळे सैलपणे वापरतो आणि त्यातूनच सकाळी सातला माणसे बाहेर काढण्याची प्रथा पडते. मे महिन्यात जेथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथे दुपारचा निवारा रात्रीइतकाच आवश्यक आहे.

जनगणनेच्या आकड्यांतही एक बोलकी गोष्ट आहे. २००१ ते २०११ या काळात देशातील बेघरांची एकूण संख्या १९.४ लाखांवरून १७.७ लाखांवर आली, परंतु शहरांतील संख्या ७.८ लाखांवरून ९.४ लाखांवर गेली. त्यातही ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्रीत केलेली असल्यामुळे, फुटलेल्या पाइपात किंवा बंद दुकानाच्या मागे झोपलेला माणूस त्या यादीत आला असेल, याची मला फारशी खात्री वाटत नाही.

श्री. मालधक्का यांनी मनोरुग्णांचा उल्लेख केला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० नुसार, रस्त्यावर भटकणाऱ्या व स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य केंद्रात नेणे हे पोलीस ठाण्याचे कर्तव्य आहे आणि त्याला कोठडीत ठेवता येत नाही. अशा माणसांना उपचारांनंतर घरी पोहोचवता येते, हे डॉ. भरत वाटवानी यांच्या कर्जतच्या श्रद्धा संस्थेने दाखवून दिले आहे. २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. दुसऱ्या बाजूला आपल्याकडे १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदाही आहे, ज्यात उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणाराही "भिकारी" ठरू शकतो आणि पहिल्याच वेळी त्याला एक ते तीन वर्षे डांबता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातील अनेक तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द ठरवल्या. गणवेशातला माणूस दिसताच ही माणसे पळतात, याचे कारण येथे आहे.

सातपुडापायथा

वरील सर्व मान्य असूनही मला असे वाटते की आपण पाणी वाहून गेल्यावर बांध घालत आहोत. धडगाव आणि अक्कलकुवा भागांतून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि होळीला परततात. त्यांतली जी माणसे बांधकामाच्या मागे लागून शहरांत राहतात, ती पुलाखाली किंवा अर्धवट इमारतीत झोपतात. शेतात पाणी आणि गावात हमीचे काम मिळाले, तर यांतील कितीतरी जण निघणारच नाहीत. १९७७ चा रोजगार हमीचा कायदा याच राज्याने केला, हे विसरून कसे चालेल?

मालधक्का

आपला मुद्दा खोटा नाही, परंतु जो माणूस आज रात्री पुलाखाली आहे त्याला दहा वर्षांनी येणारे पाटाचे पाणी दाखवून चालणार नाही. दोन्ही कामे वेगळ्या खात्यांची आहेत आणि ती एकाच वेळी होऊ शकतात. बांधकामावरच्या मजुरांच्या निवाऱ्याची जबाबदारी तर थेट बांधकाम घेणाऱ्यावर टाकता येते. परवानगी देतानाच तशी अट घालून ती तपासली पाहिजे.

तापीकाठ

सर्वांचे आभार. मी आणि दोन मित्र पालिकेला निवेदन देण्याचे ठरवत आहोत. नवीन इमारतीची मागणी सध्या मागे ठेवून फाटकाची वेळ, सामानाच्या पेट्या, कुटुंबांसाठी स्वतंत्र खोल्या आणि बाजार समितीजवळची जागा, एवढेच त्यात लिहावे, असे आता वाटते. एक शंका राहिली: ज्यांच्याकडे पत्त्याचा कोणताही पुरावा नाही, त्यांचे मतदार यादीत नाव येते का? मत नसलेल्यासाठी नगरसेवक रात्री बाहेर पडेल, अशी आशा मला नाही.

कोर्टगल्ली

येते. नमुना ६ मध्ये, म्हणजे मतदार नोंदणीच्या अर्जात, तो जेथे झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहावी. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री तेथे जाऊन तो खरोखर तेथेच झोपतो याची खातरजमा करायची असते, आणि मग कागदी पुराव्याची गरज राहत नाही. अर्ज भरताना सोबत कोणीतरी असावे, कारण खिडकीवरच्या माणसाला हा नियम माहीत असेलच असे नाही. निवेदनाच्या दिवशी मला कळवावे, मी येईन.