लूप पेडलवरचा लेहरा : रियाजाला साथ की नुसती भिंत?

सोळामात्रा (धाग्याची सुरुवात)

तबल्याच्या रियाजाला लेहरा (तालाच्या फेऱ्याबरोबर फिरत राहणारी पेटीची ठरलेली सुरावट) धरणारा माणूस रोज मिळत नाही, ही अडचण एकट्याने मेहनत करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इतकी वर्षे मी मोबाइलमधल्या तयार लेहऱ्यावर भागवत होतो. गेल्या दिवाळीत गिटारवाले वापरतात तसले लूप पेडल घेतले आणि पेटीवर चंद्रकंस रागाचा लेहरा स्वतः वाजवून त्यात भरू लागलो. (पेडलची खाच गिटारच्या वायरीसाठी असते; पेटीसमोरचा माईक आधी छोट्या मिक्सरला जोडावा लागतो.) पायाने एकदा दाबले की ध्वनिमुद्रण सुरू होते, दुसऱ्यांदा दाबले की तेवढा तुकडा अखंड फिरू लागतो आणि तिसऱ्यांदा दाबून त्यावर आणखी एक थर चढवता येतो.

माझे म्हणणे असे की, रियाजासाठी हे यंत्र तयार लेहऱ्यापेक्षा कडक आहे. सोळा मात्रांच्या तीनतालाची मात्रा एका सेकंदाची धरली तर आवर्तन (तालाचा एक फेरा) १६ सेकंदांचे होते, आणि समेवर, म्हणजे फेऱ्याच्या पहिल्या मात्रेवर, पाय दशांश सेकंदाने उशिरा पडला की ते १६.१ सेकंदांचे होऊन बसते. मग प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी, नेमक्या त्याच जागी, ठेच लागल्यासारखे होते. तयार लेहऱ्यावर हात चुकला तर आपण ‘असो’ म्हणून पुढे जातो. इथे आपल्याच लयीतली खोट आपल्यासमोर फिरत राहते. पहिले पंधरा दिवस मला एकही लूप नीट सांधता आला नाही. शिवाय लेहरा स्वतः वाजवावा लागल्याने पंधराव्या-सोळाव्या मात्रेवरून सूर समेकडे कसा येतो हे बोटांना कळले, जे बारा वर्षे नुसते ऐकून कळले नव्हते.

काळीचार

मी बरीच वर्षे तबल्याच्या एकलवादनाला पेटीवर लेहरा धरतो, त्यामुळे माझ्या विरोधात थोडा स्वार्थ आहे असे हवे तर म्हणा. पण लेहरा म्हणजे तीच ओळ पुन्हा पुन्हा, मग ती माणसाने वाजवली काय किंवा यंत्राने वाजवली काय, ही समजूत मला मुळातच मान्य नाही. वादक संथ पेशकाराकडून कायद्याकडे (ठरलेल्या बोलांचा विस्तार) आणि कायद्याकडून जलद रेल्याकडे जातो तेव्हा लय चढत जाते, आणि ती नेमकी कोणी चढवली हे पुष्कळदा आम्हा दोघांनाही सांगता येत नाही. मोठी चक्रदार (तीनदा वाजून समेवर येणारी रचना) सुरू झाली की मी लेहरा साधा करतो आणि समेआधीचा सूर जरा ठासून देतो. लूपला यातले काही ऐकू येत नाही. भिंतीवर चेंडू मारणाऱ्याला परतणारा चेंडू कुठून येणार हे आधीच ठाऊक असते. तसाच हा रियाज आहे.

आणखी एक बारीक गोष्ट सांगतो. भात्याचा दाब ज्या मात्रेवर किंचित कमी पडला, तिथेच तो दर आवर्तनात कमी पडणार. दहा मिनिटांत वादक नकळत त्या खुणेवरून सम ओळखू लागतो, आणि आतली मोजणी सुटते.

सहातारी

काळीचार, भात्याबद्दलचे तुमचे निरीक्षण अचूक आहे, पण तो दोष एकच आवर्तन भरण्याचा आहे, पेडलचा नव्हे. आठ आवर्तने सलग भरली तर अशी एकच खूण हाताशी राहत नाही. पूर्वी एवढी जागा नसे. १९९९ सालच्या लाइन ६ कंपनीच्या डीएल४ पेडलमध्ये लूपसाठी १४ सेकंद मिळत, म्हणजे सोळामात्रा यांचे एक आवर्तनही त्यात मावले नसते! आजच्या बॉस आरसी-१ सारख्या एका बटणाच्या पेडलमध्ये १२ मिनिटे मावतात.

माझा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो गिटारवाल्यांच्या सवयीवर आहे. थर चढवण्याची भुरळ फार वाईट असते. आधी कॉर्ड, मग खालच्या तारांवर बेस, मग गिटारच्या लाकडावर टिचक्या, मग वरून एक सुरावट. तासभर असा इमला चढवून मी समाधानाने उठायचो आणि ज्या तानेसाठी बसलो होतो तिला हातही लागलेला नसायचा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि संगीतकार ब्रायन ईनो दोन रिव्हॉक्स टेपयंत्रांतून एकच फीत ओढून असे थर रचत. एकावर मुद्रण, दुसऱ्यावर वादन, आणि तिथला आवाज परत पहिल्याकडे. त्या रचनेत जुना थर प्रत्येक फेरीगणिक फिका होत जाई आणि नव्याला वाट मोकळी होई. आजच्या बहुतेक साध्या पेडलांत काहीच विरत नाही; सगळा गाळ साचतो. म्हणून आता रियाजाला एकच थर, फार तर दोन, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

खर्ज

मी गाणारी आहे, म्हणून तंबोऱ्यापुरते बोलते. एका शिष्येने तंबोऱ्याची वीस सेकंदे लूपमध्ये भरून आणली होती. जवारी, म्हणजे तारांची गुंज, छान लागलेली होती, पण लूप सांधलेल्या जागी दर वेळी सूर तुटत होता, कारण तारेचा झंकार अर्ध्यात कापला गेला होता. तालाला सम आहे, म्हणून तिथे सांधा लपतो. तंबोऱ्यात तो लपवायला जागाच नसते. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला तेव्हाही वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली होती आणि पुढे त्यांच्याच घरी तो वाजू लागला, हे मला आठवते. तरीही या कामाला पेडल नको, असेच मी म्हणेन. तबल्याचे तुम्ही पाहा.

सोळामात्रा

खर्जताई, तंबोऱ्याचे तंतोतंत पटले. काळीचार यांच्या चढत्या लयीच्या मुद्द्यावरही माझ्याकडे उत्तर नाही. काही पेडलांत पट्टी न बदलता लय वाढवता येते, पण ती मी ठरवून वाढवणार, म्हणजे तिथे दुसरा कोणी नाहीच.

मोजणी सुटण्याबद्दल मात्र माझा अनुभव उलटा आहे. कायदा सुरू असताना मी लेहऱ्याचा आवाज शून्यावर नेतो, दोन आवर्तने तसाच वाजवत राहतो आणि समेवर आवाज परत वाढवतो. (आवाजाचे बटण डग्ग्याच्या हाताजवळ ठेवले की जमते, फार तर एखादा बोल गळतो.) पहिल्या दिवशी मी जवळजवळ पाऊण मात्रा पुढे पळालो होतो. दुगुनीत (दुप्पट लयीत) तर थेट अडीच मात्रा. माणसाला ‘आता दोन आवर्तने गप्प राहा आणि मनात नेमकी तीच लय धरा’ असे सांगितले, तर आपण चुकलो की तो, हा वाद उरतोच. इथे वादाला जागा नाही.

काळीचार

ही युक्ती चांगली आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मीही सांगेन. पण पाऊण मात्रा पुढे पळालात ती का पळालात, हे लूप सांगत नाही. तुमचे वादन ऐकल्याशिवाय खात्रीने बोलणार नाही, पण मला शंका आहे ती पलट्यांमध्ये (कायद्याचे बोल फिरवून वाजवताना) ‘तिरकिट’ आले की हात घाई करतो याची. पुण्यात असाल तर रविवारी पेटी घेऊन येतो. मी लय हळूहळू चढवत नेईन, तुम्ही फक्त कायदा वाजवा. आणि पेडल त्या दिवशी खोक्यातच राहू द्या.