चंद्राची स्वतःची चाल उलट्या दिशेनं आहे

पृथ्वी मध्यभागी धरा नाहीतर सूर्य, चंद्र पृथ्वीभोवतीच फिरतो, हे बरोबर. पण चंद्र "पूर्वेला उगवून पश्चिमेला मावळतो, म्हणजे त्याच दिशेनं फेरी मारतो" असं जे म्हटलं जातं, ते अजिबात पटत नाही. ते मावळणं पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळं. पृथ्वी मध्यभागी धरणाऱ्या जुन्या मांडणीत त्यासाठी अख्खं आकाश रोज फिरवावं लागायचं. चंद्राची स्वतःची चाल पश्चिमेकडून पूर्वेकडं, दिवसाला साधारण १३ अंश. पौर्णिमेला दिवेलागणीला उगवणारा चंद्र संकष्टीला नऊच्या आसपासपर्यंत ताटकळत ठेवतो, तो यामुळंच.

ही चाल नुसत्या डोळ्यांनी दिसते, आणि प्रत्येकानं एकदा तरी बघावी. मागं एकदा रंकाळ्याच्या काठावर बसलो होतो. चंद्र रोहिणीच्या तांबूस ताऱ्याच्या जरा पश्चिमेला होता. हात लांब करून करंगळी धरली, तर दोघांच्या मधे बरोबर मावली. दोघंही पश्चिमेकडं कलत होते, पण दोन तासांनी त्या फटीत निम्मी करंगळीही मावेना! चंद्र तासाला जवळपास स्वतःच्या रुंदीएवढा ताऱ्यांमधून पूर्वेकडं सरकतो. दुर्बीण नको, शेजारी ठळक तारा हवा.

पृथ्वी मध्यभागी आणि सूर्य मध्यभागी, या दोन मांडण्यांतला फरक महिना मोजताना कळतो. त्याच ताऱ्याशी परत यायला चंद्राला २७.३ दिवस लागतात, पौर्णिमा ते पौर्णिमा मात्र २९.५. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर यावा लागतो. जुने म्हणायचे, तेवढ्यात सूर्य पुढं गेला. आपण म्हणतो, पृथ्वी पुढं गेली. दिवस तेवढेच भरतात.