विद्यमान आमदाराला किती वेळा उमेदवारी मिळावी? सांगोल्याच्या निमित्ताने एक प्रश्न

माणकाठ (प्रश्नकर्ता)
सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ ते २०१४ या काळात अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले आणि अखेरचा विजय मिळवला तेव्हा त्यांनी ऐंशी वर्षे कधीच ओलांडली होती. आपल्या राज्यघटनेत आमदाराने किती वेळा निवडणूक लढवावी यावर कोणतेही बंधन नाही. अशी मर्यादा असावी का? एकच व्यक्ती पुन्हा पुन्हा उभी राहिल्याने नव्या नेतृत्वाची वाट अडते, असे आमच्या गावातील तरुण म्हणतात. जाणकारांनी मत द्यावे.

नागरिकशास्त्र शिक्षिका
मर्यादा नसावी, असे माझे ठाम मत आहे आणि त्याचे कारण सांगोल्यातच सापडते. हे अकरा विजय सलग नव्हते. मतदारांनी गणपतरावांना १९७२ मध्ये घरी बसवले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आणले आणि १९९५ मध्ये काँग्रेसच्या शहाजीबापू पाटील यांच्याकडून अवघ्या १९२ मतांनी पराभूत केले. ज्या मतदारसंघात एवढ्या मोठ्या माणसालाही हरवता येते, तेथे कायद्याने दार बंद करण्याची गरज काय? प्रतिनिधीला मतदारांची भीती वाटते ती पुढची निवडणूक समोर असते म्हणून. शेवटचीच खेप आहे हे आधीपासून ठाऊक असलेल्या आमदाराला जाब विचारायचा तरी कसा? महापालिकांमध्ये प्रभागाचे आरक्षण बदलले की चांगले काम केलेल्या नगरसेवकालाही त्याच प्रभागातून अनेकदा पुन्हा कौल मागता येत नाही, याचा विचार आपण फार कमी करतो.

डाळिंब बागायतदार
वरील मुद्दा मला पटतो, तरी एक बाजू राहून गेली. विद्यमान आमदार आणि नवखा उमेदवार एका रेषेवरून धावत नाहीत. पाच वर्षे आमदारनिधी, उद्घाटने, अधिकाऱ्यांशी ओळख आणि प्रत्येक गावातील कार्यकर्ते आमदाराच्या हाताशी असतात. आचारसंहिता लागल्यावर निधीतून नवी कामे मंजूर करता येत नाहीत हे खरे, पण तोपर्यंत भूमिपूजनाचे नारळ फुटून गेलेले असतात. गणपतरावांची गोष्ट वेगळी होती. एसटीने फिरणारा हा माणूस कित्येक वर्षे विरोधी बाकांवर बसला आणि दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी भांडत राहिला, म्हणून लोकांनी त्यांना जपले. त्यांच्या उदाहरणावरून सर्वांसाठी नियम ठरवणे मला धोक्याचे वाटते.

जुना वार्ताहर
एकाच मतदारसंघातून सर्वाधिक विजयांचा विक्रम गणपतरावांचा असल्याचे अनेक ठिकाणी लिहिले जाते, ते बरोबर नाही. केरळमधील पाला येथून के. एम. माणी १९६५ पासून २०१६ पर्यंत तेरा वेळा जिंकले आणि तेथे एकदाही हरले नाहीत. सांगोल्याचे महत्त्व विक्रमात नाही, तेथील मतदाराच्या स्वभावात आहे. २०१९ मध्ये गणपतराव स्वतः उभे राहिले नाहीत, तेव्हा त्यांच्या नातवाचा शिवसेनेच्या शहाजीबापूंनी ७६८ मतांनी पराभव केला. २०२४ मध्ये तेच शहाजीबापू विद्यमान आमदार म्हणून पुन्हा कौल मागायला गेले आणि गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांच्याकडून पंचवीस हजारांहून अधिक मतांनी हरले. त्यामुळे वाट अडते ती एका व्यक्तीच्या वारंवार उभे राहण्याने की उमेदवारी एकाच घरात फिरण्याने, हे प्रश्नकर्त्यांनी गावातील तरुणांना अवश्य विचारावे. खेपांची मर्यादा घातली, तरी दुसरी गोष्ट थांबणार नाही.