दहावीतल्या मुलीच्या फोनवर नजर ठेवायची तर कुठवर?

ऐरोली_आई:
मुलगी १५ वर्षांची. क्लास ठाण्याला, ट्रेननं ये-जा, म्हणून फोन द्यावाच लागतो. रात्री दीड-दोनपर्यंत इन्स्टा चालू असतं. घरी वायफाय आहे, शिवाय तिच्या सिमवर डेटा. मिस्टरांचं म्हणणं, तिला न सांगता मेसेज वाचणारं ॲप टाकूया. मला पटत नाही, पण नुसतं सोडूनही देववत नाही. काय करावं?

खारघर_नेटवर्क:
ताई, ते लपून चालणारं ॲप नकोच. ते टाकताना बहुतेकदा प्ले प्रोटेक्ट (घातक ॲप अडवणारी अँड्रॉइडची सोय) बंद करायला सांगतात, आणि मुलीचे फोटो, चॅट आधी परक्या सर्व्हरवर जातात, मग तुम्हाला दिसतात. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

अँड्रॉइड असेल तर फॅमिली लिंक हे गूगलचं पालकांसाठीचं ॲप घ्या. तिच्या वयाला ते तिच्याच फोनवर, तिच्या होकारानं जोडलं जातं. झोपेची वेळ, ॲपनिहाय मर्यादा आणि लोकेशन मिळतं, मेसेज वाचता येत नाहीत. रात्रीचा प्रश्न यानंच सुटेल, कारण राउटरवरून वायफाय बंद केलं की फोन गुपचूप सिमच्या डेटावर जातो.

राउटरचा उपयोग अश्लील साइट अडवायला. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपीच्या पानावर (राउटर घरातल्या फोनना नेटचे पत्ते वाटतो ते पान) पहिला डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, १.१.१.३ आणि दुसरा १.०.०.३ टाका; दोन्ही क्लाउडफ्लेअरचे, अश्लील साइट गाळणारे. दुसऱ्या रकान्यात जुना, काहीच न गाळणारा ८.८.८.८ (गूगलचा) राहिला तर गाळणीला भोक पडलं म्हणून समजा, फोन दोघांपैकी कुणालाही विचारतो. आयपीव्ही६ (नेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर तिथला डीएनएसही बदला. आणि राउटरवर तिच्या फोनपुरती वेळ लावायची असेल, तर फोनमध्ये त्या वायफायच्या प्रायव्हसीत जाऊन रँडम मॅकऐवजी डिव्हाइस मॅक (राउटर फोनला ज्यावरून ओळखतो तो फोनचा खरा पत्ता) निवडा, नाहीतर नियम भलत्याच पत्त्यावर बसतो.

ठाणे_समुपदेशक:
तंत्र ठीक, पण आधी तिच्याशी बोला. काय दिसणार आणि काय दिसणार नाही, हे तिच्यासमोर कागदावर लिहा, तीन महिन्यांनी पुन्हा बसून बदला. व्हॉट्सॲप आपल्या लॅपटॉपवर जोडणं हाही उपाय नव्हे. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये तिला ते दिसतं, मग दुसरं अकाउंट निघतं आणि तुम्हाला काहीच कळेनासं होतं. शिवाय त्या चॅटमध्ये तिच्या मैत्रिणींचं खाजगीही असतंच, ते वाचायचा आपल्याला काय हक्क?

रात्री साडेदहानंतर सगळ्यांचेच फोन हॉलमध्ये चार्जिंगला, आईबाबांचेही. गजराला साधं घड्याळ आणा. ‘गजरासाठी फोन उशाशी हवा’ हे कारण पहिल्याच दिवशी येतं.

ऐरोली_आई:
आणि इन्स्टाचं? कुणी अनोळखी मागे लागला तर?

खारघर_नेटवर्क:
तिच्या अकाउंटवरचं जन्मवर्ष आधी बघा. खोटं, १८च्या वरचं टाकलेलं असेल तर टीन अकाउंटचं (१८ च्या आतल्यांच्या खात्याचं) संरक्षण लागू होईलच असं नाही. सुपरव्हिजन (इन्स्टातली पालकांच्या देखरेखीची सोय) जोडलं की गेल्या ७ दिवसांत ती कुणाशी बोलली ते दिसतं, काय बोलली ते नाही.

ठाणे_समुपदेशक:
कुणी धमकावलं तर चॅट पुसू नका. ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट आणि प्रोफाइलची लिंक घ्या, कारण नाव घटकेत बदलतं. मग सायबर क्राइम पोर्टलवर महिला-बालकांच्या विभागात तक्रार, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. नग्न फोटो पसरवायची धमकी असेल तर ‘टेक इट डाउन’ ही अल्पवयीनांचे असे फोटो साइटवरून हटवायला मदत करणारी सेवा वापरा: फोटो फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त सांकेतिक ठसा पुढे जातो. तो फोटो मात्र ‘पुरावा’ म्हणून काका-मामांना पाठवू नका, अल्पवयीन मुलीचा तसा फोटो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. आणि त्या रात्री तिचा फोन काढून घेऊ नका. फोन जाईल या भीतीनंच मुली आठवडे-आठवडे गप्प राहतात.